'काही नाही'च्या आधी

ते आले की पहिली दहा मिनिटं काहीच करत नसत. खुर्ची ओढायची, मशीनसमोर बसायचं, उजवा हात डाव्या काखेत आणि डावा हात उजव्या काखेत दाबून ठेवायचा आणि स्क्रीनकडे बघत राहायचं. आमच्या ऑफिसातला एसी असा होता की नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला थंडी वाजतेय. एकदा रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीने स्वतःची शाल आणून त्यांच्या खांद्यांवर घातली. त्यांनी ती राहू दिली, आणि नजर न हलवता म्हणाले, "थँक्यू, माय डियर. नाऊ डोन्ट टच एनिथिंग."

हात काखेत कशासाठी, हे मी बऱ्याच उशिरा विचारलं.

"मोकळे राहिले की ते काहीतरी दाबतात," ते म्हणाले. "माणसाच्या हाताला दाबायची खोड आहे, बाय. आधी बघू दे, ते काय म्हणतंय."

'बाय' ही त्यांची वसईची सवय. त्यांच्याहून लहान प्रत्येक बाई 'बाय'. बाकी सगळा कारखाना त्यांना 'अंकल' म्हणायचा. भट्टीवरचे लोक, स्टोअरमधले, सिक्युरिटीवाले, अगदी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला आमचा ड्रायव्हरसुद्धा. मीही तेच म्हणत असे. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. ते का, हे पुढे येईल.

अमिरातीतल्या रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. पुण्यात माझ्या आईला हे काम समजावताना मी सांगते, की मी एका ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे, फक्त तिथली पुस्तकं कोणी वाचत नाही. नकाशे, फॉर्म, रिपोर्ट, सगळ्यांना नंबर द्यायचे, रजिस्टरात चढवायचे, आणि कागदात एक शब्द जरी बदलला तरी त्याला नवा रिव्हिजन नंबर देऊन बदलाचं कारण लिहायचं. अंकल त्याच कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळत. भट्टीवरची, लॅबमधली, गोदामातली सगळी मशीनं त्यांनी लिनक्सवर चालवली होती आणि त्यांच्या मांडणीत ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. काखेतले हात सोडून.

आमची ओळख झाली तेव्हा माझी स्क्रीन उलटी झाली होती. म्हणजे खरोखर उलटी, अक्षरं पाय वर करून उभी. मी मान वाकडी करून अर्धा तास तशीच काम करत होते, कारण नव्या नोकरीत तक्रार कशी करायची ते कळत नव्हतं. शेवटी ते आले, बसले, हात गेले काखेत.

"काय केलंस?"

"काही नाही."

"'काही नाही' सगळेच करतात. 'काही नाही'च्या आधी काय केलंस?"

मग मी कबूल केलं, की जेवताना पुस्तक वाचत होते आणि ते कीबोर्डवर ठेवलं होतं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून चौकटीची छोटी वही काढली. "पुस्तक कसलं?"

"कादंबरी."

"जाड?"

"जाड."

"कितव्या पानावर होतीस?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी खरंच लिहिलं: कादंबरी, जाड, पान एकशे बारा, उघडी, पालथी. मग कोणत्या तीन कळा एकदम दाबल्या गेल्या ते शोधून काढलं आणि स्क्रीन सरळ केली. जाताना म्हणाले, "एक चांगलं केलंस. रीस्टार्ट नाही केलंस."

रीस्टार्ट हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी अभिमानाने सांगितलं, की अंकल, बंद करून चालू केलं, ठीक झालं, तर त्यांचा चेहरा पडत असे. "म्हणजे साक्षीदार मारलास," ते म्हणत. "आता विचारू कोणाला?"

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. गोष्ट दुरुस्त झाल्यावर लोक खूश होतात, हा मात्र उदास होतो, कारण ती का बिघडली होती हे कळलंच नाही.

घरीही तेच. त्यांच्या घरी आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो, मी, माझा नवरा आणि मुलगी, तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी थांबून थांबून वाजत होतं. अंकल फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले होते. हात काखेत, मांडीवर वही.

"पाहुणे आलेत," आंटी म्हणाली. आंटी म्हणजे त्यांची बायको. चर्चमध्ये मराठी गाणी बसवायची, आणि आवाज असा की कुजबुजली तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं.

"आलो. अजून दोनदा वाजू दे."

आंटी भाताचं पातेलं घेऊन फ्रिजजवळून गेली आणि जाता जाता कमरेने दाराला एक धक्का दिला. आवाज बंद.

अंकल हळूच वळले. "साक्षीदार मारलास तू."

"दार उघडं होतं, बाबा. चल, आधी जेवून घे. शोकसभा नंतर."

त्या दिवशी निघताना आंटीने मला वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, बांधून दिली आणि दारात हळूच, म्हणजे जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, "ऑफिसात ह्याला कामाला लावून ठेव गं. रिटायर होऊन घरी बसला तर माझी शिलाई मशीन उघडेल."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण अंकलनी साठी ओलांडली, आणि त्यानंतर दर वर्षी त्यांच्या परमिटचा कागद नव्याने मुदीरच्या टेबलावर जाऊ लागला. मुदीर म्हणजे आमचे मॅनेजर, लेबनानचे. सही झाली तर अजून एक वर्ष. नाही झाली तर सामान बांधा. त्या दिवसांत अंकल मला एकदाच म्हणाले, "वसईला जाऊन करू काय, बाय? तिथे एकच फ्रिज आहे." आणि हसले. मला मात्र हसू आलं नाही.

त्यांचा कागद टेबलावर असतानाच, एका सोमवारी सकाळी, भट्टीवरून चेटाचा फोन आला. चेटा हा तिथला सुपरवायझर, केरळचा. आम्ही सगळे त्याला चेटाच म्हणतो.

"मॅडम, अंकल किधर है? इधर स्क्रीन पागल हो गया."

आमची भट्टी हा एक लांबच लांब बोगदा आहे. एका तोंडाने कच्च्या टाइल्स आत जातात, दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर येतात. ती कधी थांबवत नाहीत. कंट्रोल रूममध्ये चेटासमोर दोन स्क्रीन असतात. डावीकडे तापमानाचा आलेख, उजवीकडे आतला कॅमेरा. त्या सकाळी दोन्ही स्क्रीन पापणी लवल्यासारख्या काळ्या व्हायच्या, परत यायच्या, 'टिंग' असा आवाज व्हायचा आणि आलेखाच्या बरोबर वर एक चौकट उघडायची: नवा डिस्प्ले जोडला गेला आहे. चेटा ती चौकट बंद करायचा. स्क्रीन काळी. टिंग. नवा डिस्प्ले जोडला गेला आहे.

"किधर है नया डिस्प्ले?" चेटा टेबलाखाली बघून म्हणाला. "सुबह से सौ डिस्प्ले आ गया. मेरे पास दो ही है."

खरं म्हणजे एक नवा होता. फुटलेल्या स्क्रीनच्या जागी शनिवारी दुसरा बसवला होता. पण एक. शंभर नव्हे.

अंकल बसले. हात काखेत. टिंग. वहीत एक रेघ. टिंग. दुसरी रेघ.

दुपारपर्यंत अर्धा कारखाना सल्ला देऊन गेला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, नजर लागली. कोणी म्हणालं, व्हायरस. चेटाने चौकट उघडायची तिथे काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवली, म्हणजे निदान दिसणार नाही. तर चौकट दुसऱ्या स्क्रीनवर उघडायला लागली. घरी मी हे सांगितलं तर माझी मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट रीस्टार्ट इट ना." मी तिला म्हटलं, हे अंकलसमोर बोलू नकोस.

संध्याकाळी मुदीर स्वतः खाली आले. त्यांच्याबरोबर दुबईच्या एका कंपनीचा झुळझुळीत सूट घातलेला माणूस होता. सगळे कॉम्प्युटर कंत्राटावर घेऊ, हे लिनक्स वगैरे काढून टाकू, असा त्याचा प्रस्ताव होता. टिंग झालं. सूटवाला स्मितहास्य करून म्हणाला, "हे आमच्याकडे होत नाही."

"तुमच्याकडे काय होतं?" अंकलनी मान न वळवता विचारलं.

मुदीर इंग्रजीत बोलले, ते मी मराठीत सांगते. "अंकल, माझ्या टेबलावर दोन कागद आहेत. एक ह्यांचा, एक तुमचा. मी एकावरच सही करणार. गुरुवारपर्यंत हा आवाज थांबला पाहिजे. का होतोय ते लिहून पाहिजे. त्यानंतर खलास."

"इन्शाल्ला," अंकल म्हणाले.

"इन्शाल्ला नाही. गुरुवार."

मंगळवारी त्यांनी केबल बदलली. टिंग. प्लग बदलला. टिंग. दुसऱ्या खोलीतून वीज घेतली. टिंग. दुपारी जेवायला गेले तेव्हा मला खुर्चीवर बसवून गेले. "हात काखेत ठेव. झालं की रेघ मार."

"हात काखेत ठेवून रेघ कशी मारू?"

त्यांनी विचार केला. "लिहिणारा हात चालेल."

मी बसले. चेटा माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम भी गया." पण अर्ध्या तासाने मला एक गंमत कळली. तुम्ही करून बघा. बंद करायला जायचं नाही असं एकदा ठरवलं, की ती कटकट कटकट राहत नाही. तिला लय आहे असं दिसायला लागतं. मी घड्याळ बघितलं. सात सेकंद. परत सात. परत सात.

अंकल आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शाळेत पहिल्या नंबरालाही कोणी बघितलं नव्हतं.

"केबल खराब असती तर वेडीवाकडी वागली असती," ते म्हणाले. "वीज असती तर लहर लागेल तसं झालं असतं. हे शिस्तीत चाललंय. म्हणजे हे बिघडलेलं नाहीच. हे कोणीतरी सांगितलेलं काम करतंय. माणसाचं काम आहे हे. आणि माणूस नीटनेटका आहे."

बुधवारी सकाळी सगळं त्यांना समजलं होतं. फक्त माणूस सापडायचा होता. चेटाला आणि मला समोर उभं करून त्यांनी करक चहाच्या दोन कपांनी समजावलं. समजा, कोणी एका गाढवाने मशीनला सांगून ठेवलंय, की नवा डिस्प्ले आला रे आला की दोघांना जागेवर लाव, हा डावा, हा उजवा. त्यांनी कप सरकवले. जुना स्क्रीन हे मुकाट सहन करायचा. हा नवा नाजूक आहे. जागा बदलली की क्षणभर डोळे मिटतो. डोळे मिटले की मशीनला वाटतं, गेला. उघडले की वाटतं, नवा आला! टिंग. नवा आला म्हणून परत जागेवर लाव. परत ह्याचे डोळे मिटतात.

"मतलब, खुद ही आवाज देता है, और खुद ही बोलता है कौन आया?" चेटा म्हणाला.

"बरोबर! मठ्ठ आहे लिहिणारा. मठ्ठ, पण नीटनेटका."

दुपारी ती फाइल सापडली. चारच ओळी. अंकलनी त्या मोठ्याने वाचल्या, आणि शेवटची टीप वाचताना त्यांचा आवाज चढला. टीप इंग्रजीत होती: डावं ते डावं, खलास.

"खलास! कामात खलास लिहितो! आणि नाव? नाव कुठाय?" त्यांनी फाइल वर-खाली केली. "नावसुद्धा घातलं नाही गाढवाने. कोण होता हा? तो सीरियन होता ना, मध्ये सहा महिने? त्याचंच काम."

ते त्या सीरियनच्या नावाने बडबडत राहिले आणि मी वर माझ्या खोलीत आले. अंकलच्या भरलेल्या वह्या माझ्या कपाटात होत्या. त्यांच्या विरोधाला न जुमानता मी त्यांना नंबर दिले होते. कंट्रोल रूमचं मशीन बसवलं त्या काळातली वही काढली. विसाव्या पानावर सापडलं. त्यांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, कुठेही शंकेला जागा नाही:

चेटाचे स्क्रीन सारखे अदलाबदल होतात. तो आलेख समजून कॅमेऱ्याकडे बघतो. चार ओळी टाकल्या. डावं ते डावं. खलास. आता कोणी हाक मारणार नाही.

मी ती वही मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. मी ती परत कपाटात ठेवली असती तर सीरियनला काहीच फरक पडणार नव्हता, तो कधीच कॅनडाला गेला होता. पण खाली एक माणूस तीन दिवस काखेत हात घालून बसला होता, आणि त्याला साक्षीदार हवा होता. मी वही घेऊन खाली गेले.

त्यांनी वाचलं. दोन्ही हात काखेतून बाहेर आले आणि मांडीवर पडले. मला वाटलं आता हा माणूस खचणार. तर ते हसायला लागले. इतके, की चेटा धावत आला.

"मिल गया क्या? कौन है?"

"मी!" अंकल डोळे पुसत म्हणाले. "अरे, मैं ही है वो गधा!"

एका ओळीत दुरुस्ती झाली. नवा डिस्प्ले खरंच नवा आहे का, हे आधी विचार, मग हात लाव, असं त्यांनी मशीनला सांगितलं. मग आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो. सात सेकंद. चौदा. एकवीस. चेटाने भिंतीला हात टेकले. "कितना शांति," तो म्हणाला, पलीकडे भट्टी घरघरत असताना.

संध्याकाळी ते माझ्याकडे रिपोर्ट लिहायला आले. मी टाइप करायचं, त्यांनी सांगायचं. घटना, झाली. उपाय, झाला. मूळ कारण.

"माझी स्क्रिप्ट," ते म्हणाले. "जबाबदार, तिथे माझं नाव घाल. पूर्ण नाव."

"अंकल, उद्या मुदीर सही करणार आहेत. 'जुनी स्क्रिप्ट' एवढं लिहिलं तर चालेल."

"स्क्रिप्ट झाडाला लागली होती का?"

"पण तुम्ही एरवी कुठेच नाव लिहीत नाही."

"कामापुढे कशाला लिहायचं? काम दिसतंच. नाव चुकीपुढे लिहायचं असतं, बाय. म्हणजे पुढच्याला कळतं, कोणाला विचारायचं." ते उठले. "घाल."

मी घातलं. ते गेले. मग मी एकटीच त्या फॉर्मकडे बघत बसले, आणि माझे हात मोकळे होते.

मी त्यांचं नाव पुसलं. 'मूळ कारण: जुनी व्यवस्था. कर्ता: अज्ञात.' असं लिहिलं, नंबर दिला आणि मुदीरकडे पाठवलं. आयुष्यभर मी लोकांचे स्वल्पविरामसुद्धा परवानगीशिवाय हलवले नव्हते.

गुरुवारी सकाळी मुदीरनी अंकलच्या कागदावर सही केली. सूटवाल्याचा कागद परत गेला. अकरा वाजता अंकल माझ्या दारात उभे होते. एका हातात सहीचा कागद, दुसऱ्या हातात रिपोर्ट.

"हे काय?"

"काही नाही, अंकल, मी फक्त थोडं..."

"'काही नाही'च्या आधी."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आंटी काय म्हणाली होती तेसुद्धा, एक फ्रिजसुद्धा. ते ऐकत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू मला अज्ञात केलंस, बाय," ते म्हणाले.

मग खुर्ची ओढून बसले. "रिव्हिजन काढ."

"अंकल, सही झालीय!"

"सही चुकीच्या कागदावर झालीय. रिव्हिजन एक. मूळ कारणात माझं नाव. खाली ते असतं ना तुमचं, बदलाचं कारण? लिही." आणि त्यांनी सावकाश सांगितलं, एकेक शब्द: "डॉक्युमेंट कंट्रोलरने दया दाखवली. आणि पुढे तुझं नाव."

ते वाक्य इंग्रजीत आजही आमच्या रजिस्टरात आहे. ऑडिटला येणारे लोक तिथे दर वेळी थांबतात आणि मी दर वेळी खिडकीबाहेर बघते.

आम्ही दोघं तो कागद घेऊन मुदीरकडे गेलो. अंकलनी रिव्हिजन एक टेबलावर ठेवली आणि तिच्यावर स्वतःचा सही झालेला कागद, परत केल्यासारखा. मुदीरनी वाचलं. चष्मा काढून परत वाचलं. माझ्या डोक्यात फक्त शिलाई मशीन होती.

"इतकी वर्षं," मुदीर शेवटी म्हणाले, "माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रिपोर्टात लिहिलेलं असतं, मानवी चूक. तो मानव मला आजवर कधी भेटला नव्हता. आज एकदम दोन आलेत." त्यांनी अंकलचा कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "एक वर्ष. त्या वर्षात तुम्ही जे जे लिहून ठेवलंय आणि नाव घातलेलं नाही, ते सगळं शोधायचं आणि नाव घालायचं. यल्ला, जा आता. दोघंही."

ते वर्ष मी कधी विसरणार नाही. साठी उलटलेला एक माणूस वही घेऊन मशीनमागून मशीन हिंडत होता आणि प्रत्येक छोट्या फाइलीच्या डोक्यावर स्वतःचं नाव लिहीत होता. लॅबमध्ये, गोदामात, गेटवर. नावापुढे एकच ओळ: चूक निघाली तर मला विचारा. काही ठिकाणी त्यांना आपणच लिहिलेलं आठवायचं नाही आणि ते काखेत हात घालून बघत बसायचे. "हे चांगलं लिहिलंय," एकदा म्हणाले. "हे माझं नसेल." त्यांचंच होतं.

म्हणून इथे त्यांचं नाव नको. ते जिथे असायला हवं होतं तिथे सगळीकडे आहे. आणि ह्या लिहिण्यात चूक असेल, तर ती माझी.

वर्ष संपल्यावर ते वसईला परत गेले. निरोपाला मुदीरनी केक आणला, चेटाने दोन स्क्रीनचा फोटो फ्रेम करून दिला, डावा डावीकडे. विमानतळावर आंटी म्हणाली, "आता माझी मशीन गेली." खरंच गेली. पुढच्या महिन्यात त्यांचा फोटो आला: शिलाई मशीन उघडलेली, तिच्यापुढे अंकल, हात जागेवर. खाली आंटीचा मजकूर: तीन दिवस झाले, नुसता बघतोय.

त्यानंतर आठ-नऊ महिनेच. झोपेत गेले. काहीच झालं नव्हतं, आंटी फोनवर म्हणाली, रात्री जेवला, उद्या बघू म्हणाला. तिचा आवाज पहिल्यांदा मला कान लावून ऐकावा लागत होता.

"चर्चमध्ये ठेवला होता ना गं," ती म्हणाली, "तेव्हा हात छातीवर जोडलेले, रोझरी गुंडाळलेली. सगळे म्हणत होते, किती शांत दिसतो. मला ओळखूच येईना. हात काखेत नव्हते. मला वाटलं, आता हा काही बघत नाहीये."

फोन ठेवला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. माझी स्क्रीन झोपली होती. मी माउस हलवला, ती उजळली, एक टिंग झालं. एकदाच, जसं व्हायला हवं तसं. मी चौकट बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. उजवा डाव्या काखेत, डावा उजव्या. बसून राहिले.

किती वेळाने ते माहीत नाही, चेटा कसलासा फॉर्म घेऊन दारात आला.

"क्या हुआ मॅडम?"

"कुछ नहीं."

तो जायला वळला. मग थांबला. माझे हात कुठे आहेत ते त्याने पाहिलं. आत आला, खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला, आणि फॉर्म मांडीवर ठेवून स्वतःचे दोन्ही हात काखेत घातले.

"'कुछ नहीं' के पहले?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.